वीजगृह दुरुस्तीला बंद झालं की नदी-तलावावर जायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलाडला कुंडलिका नदीच्या काठी राहतो म्हणून लांब सुट्टी आली की राफ्टिंगला येणाऱ्यांचे फोन सुरू होतात. ‘पाणी आहे का?’ हा पहिला प्रश्न. ‘नाही’ म्हटलं की ‘का नाही?’ हा दुसरा. कोयनेच्या तलावाकाठच्या बामणोली-तापोळ्याकडची आणि चिपळूणची ओळखीची माणसंही हेच प्रश्न थोड्या फरकाने विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

वीजगृहातली मशीन बंद झाली तर नदी का आटते? नदी तर डोंगरातून येते ना?

पावसाळा सोडला तर कुंडलिकेत दिसणारं बहुतेक पाणी तिचं स्वतःचं नाही, मुळशीचं आहे. मुळा नदीवरच्या मुळशी धरणातलं हे पाणी एरवी भीमेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. त्याऐवजी ते बोगद्यातून आणि मोठाल्या लोखंडी नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली, सुमारे पाचशे मीटर खोल, भिऱ्याला उतरतं. टाटांचं भिऱ्याचं वीजगृह १९२७ पासून चालू आहे. चाकं फिरवून बाहेर पडलेल्या पाण्याला आपल्याकडे अवजल म्हणतात. त्या अवजलावर खाली सरकारचं ‘भिरा टेल रेस’ हे ८० मेगावॅटचं वीजगृह चालतं, आणि मग ते पाणी रावळजे, कोलाड, रोहा करत समुद्राकडे जातं.

म्हणजे वर चाक थांबलं की खाली नदी थांबते. जानेवारीत किंवा मार्चमध्ये दोन दिवस वीजगृह बंद राहिलं तर खडक उघडे पडतात आणि मधल्या डोहांत पाणी नुसतं साचून राहतं.

मग आज राफ्टिंग आहे की नाही, हे ठरवतं कोण?

राफ्टिंगवाले नाही ठरवत. ते पाण्याच्या मागे जातात. वीज कधी आणि किती करायची हे ठरतं ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राशी बोलून, म्हणजे राज्याला कुठल्या वेळी किती विजेची गरज आहे ते पाहून. जलविद्युत संचाचा, म्हणजे पाण्यावर फिरणारं चाक आणि त्याला जोडलेलं जनित्र यांचा, मोठा गुण हा की तो काही मिनिटांत सुरू होतो आणि काही मिनिटांत बंद होतो. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. त्यामुळे ग्रिडला अचानक गरज लागली की पहिली हाक धरणाला जाते.

साधारणपणे पाणी सकाळी येतं, म्हणून राफ्ट सकाळी निघतात आणि सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा दुपारच्या आत उरकतात. पण हा काही वेळापत्रकाचा हक्क नव्हे. संच दुरुस्तीला काढलेला असेल तर पाणी कमी येतं, उशिरा येतं किंवा येतच नाही. अशा दिवशी चांगला गाईड स्वतःहून ‘आज नको’ म्हणतो. तो म्हणाला तर हुज्जत घालू नका.

वीजगृह बंद आहे, पात्र कोरडं आहे. मग पोरांना घेऊन नदीत उतरायला काय हरकत?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

कोरडं पात्र म्हणजे सुरक्षित पात्र असं आपल्या मनात बसलेलं असतं, कारण लहानपणापासून आपण पावसाची नदी पाहिलेली असते. ती भरते तेव्हा आधी आभाळ भरतं, पाणी गढूळ होतं, आवाज येतो, काटक्या-पाचोळा वाहत येतो. सोडलेलं पाणी तसं येत नाही. एका मार्चमध्ये रावळज्याच्या खालच्या बाजूला मी कपडे धुवायच्या कातळावर बसलो होतो. आभाळ निरभ्र. आधी कातळाच्या फटीत साचलेल्या पाण्यावरचा एक सुकं पिंपळपान हललं, वारा नसताना. मग कातळाच्या कडेला ओली रेघ दिसली. ती रेघ बोटभर वर सरकली, मग वीतभर. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि गार होतं, आवाज जवळजवळ नाहीच. मी चपला उचलून उभा राहीपर्यंत कातळ आणि काठ यांच्यामधली जी जागा मी पावलं न भिजवता ओलांडून आलो होतो, तिथं गुडघाभर धार लागली होती. मला पोहता येतं, काठ तीन ढांगांवर होता, म्हणून निभावलं. पाच वर्षांचं मूल कातळावर खेळत असतं तर?

दुरुस्तीच्या दिवसांत हा धोका वाढतो. दुरुस्ती झाली की संच एकदम कामाला जुंपत नाहीत. आधी रिकामा फिरवतात. मग पाव, निम्मा, पाऊण, पूर्ण असा भार देऊन मुद्दाम एकदम तोडतात आणि यंत्र नीट सावरतं का ते बघतात. नदीच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा की एकाच दिवसात पाणी येणार, थांबणार, पुन्हा येणार. रोजची सकाळची वेळ त्या दिवशी लागू नसते. काठावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाचाही अंदाज अशाच दिवशी चुकतो.

उलटा प्रकारही घडतो. नदीवरचं धरण लहान असेल आणि संच अचानक बंद किंवा कमी करावे लागले, तर वरून येणारं पाणी साठवायला जागा नसते, ते दरवाजांतून सोडावं लागतं. ८ जून २०१४ ला हिमाचलच्या मंडी जिल्ह्यात बियास नदीवर हेच झालं. लारजी प्रकल्पातली वीजनिर्मिती कमी केली गेली, पाणी दरवाजांतून सोडलं गेलं आणि खाली थलोटजवळ पात्रातल्या खडकांवर फोटो काढत उभे असलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. सोबतचा सहल-आयोजकही गेला. त्या मुलांनी काही वेडं साहस केलं नव्हतं. ती आपल्यासारखीच पात्र उथळ दिसलं म्हणून उतरली होती.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे: वीजगृहाच्या खाली, पात्रात, उतरू नका. काठावर बसा, डबा खा, पाय धुवायचे तर काठाला धुवा.

भोंगा वाजतोच ना? तो ऐकून बाहेर पडता येईल की.

भोंगा वाजायला हवा, आणि बऱ्याच ठिकाणी वाजतो. पण तो वीजगृहाजवळ किंवा धरणाजवळ असतो आणि तुम्ही असता पाच-सात किलोमीटर खाली, वळणापलीकडे, स्पीकर लावून. भोंग्याच्या भरवशावर पात्रात राहणं म्हणजे फाटक बंद होईल या भरवशावर रुळांवर झोपणं. पाणी तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागेल हे अंतरावर, पात्राच्या उतारावर आणि किती संच सुरू झाले यावर ठरतं. ठरावीक मिनिटं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करतात? एवढे दिवस का लागतात?

भिरा, खोपोली आणि कोयनेचा पहिला-दुसरा टप्पा इथं पेल्टन जातीची चाकं आहेत. चाकाच्या कडेला ओंजळीसारखे वाडगे असतात आणि त्यांवर पाण्याचा झोत आदळतो. शेकडो मीटर उंचीवरून आलेल्या झोतात बारीक वाळू असली तरी ती पोलाद कुरतडते. म्हणून वाडग्यांना तडे गेलेत का ते तपासायचं, झिजलेले भाग वेल्डिंग करून घासून पुन्हा आकारात आणायचे, झोताच्या तोंडाची सुई बदलायची, मोठ्या झडपा खोलायच्या, जनित्राची गुंडाळी तपासायची.

एका संचाचं काम असेल तर बाकीचे चालू राहतात आणि नदीला थोडं पाणी मिळत राहतं. बोगदा किंवा मुख्य नळ तपासायचा असेल तर सगळंच बंद करावं लागतं, कारण सगळ्या संचांना पाणी त्याच वाटेने येतं. ‘पूर्ण शटडाऊन’ हे शब्द ऐकले की हा प्रकार समजावा. माणसं बोगद्यात आत चालत जातात. त्यांच्या जिवासाठी वरचा दरवाजा घट्ट बंद ठेवणं भाग असतं, आणि ‘आमची सहल आहे, दोन तास सोडा’ असा आग्रह कोणी धरू नये.

दुरुस्तीमुळे तलावाचं पाणी कमी होतं का? यंदा बामणोलीला बोट लांबच थांबली.

दुरुस्तीने कमी होत नाही, उलट टिकतं. संच बंद असले की पाणी तलावातच राहतं. नदीचं नुकसान ते तलावाचं राखण, असं हे गणित आहे.

शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा तलाव, आटतो तो वापराने. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातलं पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीला बांधून दिलं आहे. बाकीचं पूर्वेला, कराड-सांगलीकडच्या शेतीला आणि प्यायला सोडतात. हे वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणून ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारा तलाव मे महिन्यात टोकाकडून मागे सरकतो, आणि तापोळा-बामणोली ही नेमकी टोकाकडची गावं.

हो, काही कामं मुद्दाम पाणी खाली गेल्यावर काढतात. दरवाजांची, काठाची, जाळ्यांची कामं एप्रिल-मेमध्येच सोयीची. त्यामुळे लोकांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात आणि ‘दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला’ अशी चर्चा उठते.

मग एकदाच तलाव रिकामा करून सगळी कामं का उरकत नाहीत?

कारण त्या पाण्यावर निम्म्या पश्चिम महाराष्ट्राची तहान, शेती आणि राज्याची संध्याकाळची वीज उभी आहे. कोयनेत तर तलाव न रिकामा करता त्याच्या पोटात भोक पाडण्याचं काम दोनदा झालं: १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ ला. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. बोगदा तलावाच्या तळाखालून खणत आणायचा, शेवटचा खडकाचा पडदा ठेवायचा आणि तो स्फोटाने उडवायचा. वरचं पाणी जागच्या जागी आणि खाली नवी वाट तयार. आपल्या अभियंत्यांनी हे करून दाखवलं याचा मला आजही अभिमान वाटतो.

वासोटा किल्ल्यावर जायचं आहे. कोणत्या महिन्यात जावं?

पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बामणोलीहून लाँच मेट इंदवलीच्या बाजूला सोडते, तिथून चढ. पाणी भरपूर असलं की लाँच जंगलाच्या तोंडाशी लागते. एप्रिल-मेमध्ये उतरल्यावर उन्हातून गाळाची वाट तुडवावी लागते. अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगी लागते आणि अंधाराच्या आत परत यावं लागतं. वीजगृहाच्या दुरुस्तीचा या बाजूला तसा फरक पडत नाही.

धरणाच्या भिंतीजवळ बोट का नेऊ देत नाहीत?

सुरक्षेचं क्षेत्र आहे म्हणून, आणि पाण्याखालच्या ओढीमुळेही. वीजगृहाला पाणी घेणारं तोंड पृष्ठभागाच्या बरंच खाली असतं. वरून पाणी शांत दिसतं आणि आत जाळीकडे ओढ असते. पोहणारा किंवा गळ सोडून टायरवर बसलेला माणूस त्या ओढीत सापडला तर वाचवणं अवघड. जलपर्यटनासाठी वेगळ्या जागा आहेत. शिवसागरावर २०२४ मध्ये मुनावळ्याला तसं केंद्र सुरू झालं.

तलावाकाठी राहणाऱ्यांचं काय? त्यांना तर सहल नाही, रोजचं जाणं-येणं आहे.

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात.

शिवसागराकाठच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला पाणी म्हणजे रस्ता. दवाखाना, बाजार, तहसील हे सगळं लाँचने किंवा तराफ्याने पलीकडे गेल्यावर. एका मे महिन्यात तापोळ्याच्या बाजूला मी पाहिलं: लाँच गाळात टेकली, नावाड्याने फळी टाकली, आणि एक आजी डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन भेगाळलेल्या गाळावरून हळूहळू चालत निघाल्या. फळीवरून उतरताना त्यांनी नावाड्याला विचारलं, ‘परवा कुठं लावशील रं?’ धक्का दर आठवड्याला पाण्यामागे सरकत जातो, त्यामुळे त्यांना दर खेपेला हे विचारावं लागतं. पूल होत आहेत, ते झाले की बराच भार हलका होईल.

आणि हे विसरू नये की तलावाच्या तळाशी याच लोकांची गावं आहेत. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला तो या जमिनींसाठीच. कोयनेचे प्रकल्पग्रस्त आजही आपल्या हक्कांसाठी आंदोलनं करतात. पाणी कधी वर, कधी खाली हे ज्यांनी घरं दिली त्यांना सर्वांत आधी कळायला हवं. आज ते त्यांना डोळ्यांनी पाहून कळतं, हे मला मान्य नाही.

चिपळूणला पाणी कमी आलं की ‘कोयना बंद आहे’ असं का म्हणतात?

कारण ते खरं असतं. कोयनेचं अवजल पोफळीच्या बाजूने कोळकेवाडीच्या धरणात आणि तिथून तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहातून वाशिष्ठीत येतं. उन्हाळ्यात वाशिष्ठीला जिवंत ठेवणारं पाणी हेच. शहराच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या पाणीयोजना त्यावर आहेत. निर्मिती बंद राहिली की नदीची पातळी उतरते आणि जॅकवेलला, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीला, पाणी पुरत नाही. कोळकेवाडीचं धरण कोयनेच्या मानाने फारच लहान आहे, त्यामुळे तिथं फार साठवून ठेवण्याची सोय नाही.

चिपळूणच्या माणसाशी हे बोलताना २२ जुलै २०२१ चा महापूर मध्ये येतोच. ज्याच्या माळ्यापर्यंत पाणी चढलं तो ‘विसर्ग’ हा शब्द ऐकून दचकणारच.

बातमीत येतं, ‘पायथा वीजगृहातून १,०५० क्युसेक विसर्ग’. म्हणजे किती?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. कोयनेच्या धरणपायथ्याला दोन संच आहेत, एकाचे १,०५० आणि दोन्हीचे २,१०० क्युसेक. एक संच म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीस हजार लिटर, तीन मोठे टँकर. हे पाणी कोयना नदीतून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. संच दुरुस्तीला असला तरी शेतीचं पाणी थांबवता येत नाही, ते विमोचकातून, म्हणजे धरणातून थेट नदीत पाणी सोडायच्या वाटेने, सोडतात. म्हणून ‘वीजगृह बंद’ या बातमीवरून ‘नदीला पाणी येणार नाही’ असा निष्कर्ष कराडकरांनी काढू नये. घाटावर आंघोळीला जाणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

लोणावळ्याचे तलाव सगळ्यांसाठी खुले आहेत का?

वळवण, शिरवता, कुंडली हे खोपोलीच्या वीजगृहासाठी बांधलेले तलाव आहेत, १९१५ पासूनच्या व्यवस्थेतले. भिंत, दरवाजे, कालवे ही कंपनीची कामाची जागा, तिथं जाता येत नाही. गर्दी होते ते भुशी धरण वेगळं, ते रेल्वेने बांधलं. कुंपणाला पडलेलं भगदाड म्हणजे वाट नव्हे.

भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल बघायला आलो, तो बंदच होता!

तो धबधबा नैसर्गिक नाही. विल्सन धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की तो दिसतो. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडायचं पाणी, चालू आहे का ते विचारून निघा.

शटडाऊनमुळे राफ्टिंग रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

पैसे भरण्याआधीच विचारा आणि उत्तर मोबाईलवर लिहून मागा. ‘पाणी आलं नाही तर तारीख बदलून देऊ’ असं बरेच जण म्हणतात. परतावाच हवा असेल तर तसं आधी ठरवा. आणि पाणी कमी असताना ‘चालतंय, ढकलत नेऊ’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कमी पाण्यात राफ्ट खडकात अडकते, उलटते.

दुरुस्तीची माहिती आधी कुठे मिळेल?

धरण ज्या तालुक्यात आहे तिथलं तहसील कार्यालय, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि ग्रामपंचायत. पण सर्वांत ताजी माहिती नावाड्याकडे, गाईडकडे आणि काठावरच्या चहावाल्याकडे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक आणि पोचल्यावर एक, असे दोनदा विचारा.

हे सुधारायचं तर काय करायला हवं?

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. चांगलं झालं. पण तो विचार मुख्यतः पुराचा आणि धरणफुटीचा. कोरड्या दिवशी चाचणीसाठी सोडलेल्या पाण्याचा विचार त्याच गांभीर्याने व्हायला हवा. एका नदीवर मी पाहिलं, शटडाऊनचं पत्र कार्यालयात वेळेवर पोचलं होतं, आवक-जावक शिक्क्यासकट. नदीत म्हशी धूत असलेल्या पोराला त्याचा पत्ता नव्हता.

प्रत्येक उतरणीच्या जागी मराठीत फलक हवा, आणि त्यावर ‘धोका’ एवढंच न लिहिता ‘पाणी या रेषेपर्यंत येते’ असं लिहून खडकावर रंगाची रेघ हवी. चाचणीच्या दिवशी काठाने गाडी फिरवून पुकारा हवा. खाली वळणांवर जादा भोंगे हवेत. यात न परवडण्यासारखं काही नाही.

भोंगा ऐकू आला नाही, पण पाणी वाढताना दिसतंय. त्या क्षणी काय करायचं?

मुलांचे हात धरा आणि जवळच्या काठाने सरळ वर चढा. प्रवाहाच्या दिशेने पात्रातून पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगात येतं. चपला, डबा, मोबाईल, कातळावर वाळत घातलेले कपडे, कशासाठीही मागे फिरू नका. मधल्या खडकावर अडकलात आणि काठापर्यंतचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं असेल, तर ओलांडायचा प्रयत्न सोडून त्याच खडकाच्या सर्वांत उंच जागी थांबा, ११२ ला फोन लावा आणि गावचं नाव सांगा, म्हणजे वीजगृहाला पाणी थांबवण्याचा निरोप देता येईल.